आधी पाणी, मग मासे
डहाणूच्या बाजारात पापलेटचा भाव पोरसुद्धा सांगेल, पण मासा जगवायचा म्हटलं की तेच घर गोंधळतं. काचेची टाकी आणि पिशवीतले गोल्डफिश एकाच दिवशी घरी येतात, आणि आठवड्याच्या आत मासे पोट वर करून तरंगू लागतात. दोष माशांचा नाही, घाईचा. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात नि वाळूत वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवायचा, पाण्यात चिमूटभर खाद्य टाकायचं आणि थांबायचं. पुढेही स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. क्लोरीनने ते जिवाणू मरतात. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. त्यात थोडे गप्पी सुखाने राहतील, गोल्डफिश नाही. समुद्र दाराशी आहे म्हणून खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या फंदात मात्र नवख्याने पडू नये. तलासरीकडे पावसाळ्यात वीज गेली की पंपही बंद, तेव्हा बॅटरीवरचा एक जवळ असू द्या. आणि हौस फिटली तर मासे कुर्झे धरणात सोडू नका. घरच्या टाक्यांत पाळला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज उजनी धरणातल्या जाळ्यांत सापडतो. दुकानदाराला परत करा, नाहीतर शेजाऱ्याला द्या.