बेसच्या नॉबला विटाळ कसला?

हाय-फायच्या सोवळ्यात टोन कंट्रोलला आजही मज्जाव आहे. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात नेमसारख्या कंपन्यांनी बेस-ट्रेबलच्या नॉबांना फाटा दिला, आणि बोडका अँप्लिफायर तोच खानदानी, असा समज रूढ झाला. ध्वनिमुद्रण जसं झालं तसंच ऐकावं, इंजिनिअरने साधलेल्या तोलात ढवळाढवळ करू नये, हा या पक्षाचा हुकमी मुद्दा. पण तो तोल साधला गेला किती मोठ्या आवाजात, एवढं विचारलं की त्यातली हवा जाते.

स्टुडिओत मिक्सिंग बहुधा 80 डेसिबलच्या आसपास चालतं. आपण रात्री अकराला, घरची आणि शेजारची झोप सांभाळत, त्याहून कितीतरी हळू ऐकतो. आवाज उतरवला की कान सगळे सूर सारखे उतरवत नाही. बेल लॅबोरेटरीजमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं. आजच्या आयएसओ 226 मानकानुसार 1000 हर्ट्झचा सूर 40 डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच वाटायला 100 हर्ट्झच्या सुराला सुमारे 64 डेसिबल लागतात. फरक 24चा. 80 डेसिबलला हाच फरक साधारण 12वर येतो. म्हणजे व्हॉल्यूम 40 डेसिबलने उतरवला की खर्जाला 12 डेसिबलची खोट बसते. तबला ऐकून पाहा. चाटीचा आघात स्पष्ट, डग्ग्याची घुमक गायब. वाजलेला ‘धा’ कानाशी ‘ता’ होऊन पोचतो. आता इंजिनिअरशी बेइमानी कोणाची, नॉब फिरवणाऱ्याची की हात बांधून बसणाऱ्याची?

जादा सर्किटने सिग्नल बाटतो म्हणावं, तर सोवळेकऱ्यांची लाडकी एलपी मुळात बाटलेलीच. ती कोरताना 20 हर्ट्झला सुमारे 20 डेसिबल कापतात, वरच्या टोकाला जवळपास तितकेच चढवतात, आणि फोनो स्टेज ते सारं उलटं फिरवतो. तिथे कोणी नाक मुरडत नाही! पीटर बॅक्सँडॉलने 1952 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये मांडलेल्या सर्किटात तर नॉब मधोमध ठेवला की प्रतिसाद जवळपास सपाटच राहतो.

वूफर फाटेल ही भीतीही मोठ्या आवाजापुरती खरी. 12 डेसिबल बेस चढवायला सोळापट शक्ती लागते खरी. पण आवाज 40 डेसिबलने उतरवला तेव्हा ती दहाहजारांश झालेली असते.

एक तक्रार मात्र रास्त आहे: जुन्या अँप्लिफायरवरचं लाउडनेसचं बटन. बेस किती चढवायचा हे ते व्हॉल्यूमचा नॉब कुठे आहे त्यावरून ठरवी. स्पीकर किती संवेदनशील, खोली केवढी, याचा त्याला पत्ता नसे, म्हणून अनेक घरांत नुसता ढबढबाट होई. पण हा दोष त्या बटनाचा. खर्ज भरून काढण्याच्या कल्पनेचा नव्हे. यामाहाने त्यावर फिरता लाउडनेस नॉब दिला. तो सपाटवर ठेवायचा, आपल्याला जास्तीत जास्त जेवढा आवाज हवा तेवढा व्हॉल्यूम लावायचा, आणि मग आवाज उतरवायचा तो याच नॉबने. मधले सूर खाली येतात, खर्ज त्या मानाने कमी उतरतो. वरची पातळी ऐकणाऱ्याने स्वतःच ठरवलेली असल्याने स्पीकर आणि खोलीचा हिशेब त्यातच येतो. असा नॉब नसेल, तर रात्री बेस दोन-तीन खुणा पुढे सरकवावा आणि ‘धा’चा ‘धा’ झाला की थांबावं.