पदवीच्या पुढचा अभ्यास

६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. त्या दिवशी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळे गेली होती. दोन्ही ठिकाणी परिचारिकांवरही गुन्हे दाखल झाले. सणाच्या अंकात हे आठवायचे कारण असे, की यंदाचा आमचा विशेष विभाग आरोग्यसेवेतल्या माणसांवर आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही ज्यांची ड्यूटी चुकत नाही, त्या डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉय यांच्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण त्यांच्या कौशल्याविषयी आणि त्यांच्यावर नेमलेल्या व्यवस्थापकांच्या कौशल्याविषयी बोलल्याशिवाय ती कृतज्ञता पुरी होत नाही.

कौशल्य शिकवता येते, याचा सर्वात ठळक पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, मिनिटाला श्वास किती हे मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडली तर इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. यात त्या स्त्रियांची जिद्द होती, तशीच चोख व्यवस्थाही होती. प्रशिक्षण पुन्हा पुन्हा होत होते, प्रत्येक बाळाची नोंद तपासली जात होती, डॉक्टर नियमित गावात येऊन काम पाहत होते. आरोग्यदूतांच्या हाताला आलेली सफाई या देखरेखीने टिकवली.

मोठ्या रुग्णालयांनाही हेच लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासायची १९ मुद्द्यांची यादी आणली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. रुग्ण हाच ना, बाजू हीच ना, प्रतिजैविक दिले का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. ते मोठ्याने विचारायचे असतात, आणि उत्तर मिळेपर्यंत निष्णात सर्जननेही थांबायचे असते. सिस्टरने सर्जनला थांबवले तर तिच्या पाठीशी कोण उभे राहणार, हे मात्र रुग्णालय चालवणाऱ्यांनी ठरवायचे असते.

आपण नेमके तिथे कमी पडतो. उत्तम शल्यचिकित्सक ज्येष्ठतेने प्रशासक होतो. खरेदी, मनुष्यबळ, वीज, ऑक्सिजन आणि अग्निसुरक्षा एका दिवसात त्याच्या गळ्यात पडतात. त्यासाठीचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. एका सिस्टरकडे झेपणार नाहीत इतके रुग्ण सोपवायचे आणि दुर्घटना घडली की तिच्याकडेच बोट दाखवायचे, हा अन्याय आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयांक मिळवावे लागतात. पण व्याख्यानाला हजेरी लागली म्हणजे हात तयार झाला, असे होत नाही. कौशल्य प्रत्यक्ष कामात तपासले पाहिजे, आणि प्रशासकाच्या खुर्चीलाही प्रशिक्षणाची अट हवी.

वाचकहो, रुग्णालयात गेलात तर भिंतीवरच्या पदव्यांवर समाधान मानू नका. आग लागल्यास बाहेर पडायचा रस्ता कुठला, रात्रपाळीला किती सिस्टर आहेत, हेही विचारा. प्रश्न नम्रपणे विचारा, कारण उत्तर देणारी व्यक्ती बहुधा सलग कितव्यातरी तासाला उभी असेल. पण विचारा जरूर. आपल्या लोकप्रतिनिधीलाही विचारा. मागणी आली की व्यवस्था हलते.

 

— संपादक