पिकअप मोडली, हिशेब कोणाच्या नावे?



कापूस जिनिंगवर नेताना आम्हा चौघांच्या भागीदारीतली पिकअप मागून बसली. डावीकडचे दोन पाटे तुटले, चेसीला तडा गेला. गाडी १५ क्विंटलची, भरला होता २५ क्विंटल. एक खेप वाचवायला गेलो आणि ऐन वेचणीत गाडी पंधरा दिवस गॅरेजात पडली.

रस्ता खराब आहेच, पण चूक आमचीही आहे. मागल्या हंगामात आम्ही जादा पाटा टाकून घेतला होता. पाटा वाढला म्हणून चेसीची ताकद वाढत नाही. कमान ताठ होते आणि खड्ड्याचा मार चेसी खाते.

तड्यावर नुसते वेल्डिंग मारून घेऊ नका. शेजारी पुन्हा चिरते. चेसी वाकली असेल तर आधी सरळ करावी. तड्याच्या टोकाला भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तडा घासून भरावा, वर पट्टी जोडावी. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात. उजवीकडचे पाटेही तपासावेत, यू-बोल्ट नवेच घालावेत.

भाव पुरत नाही म्हणून आपण खेप वाचवतो आणि गाडी मोडून बसतो. हा खर्च आपण नशिबाच्या नावे टाकतो. तो कापसाच्या नावे टाका. गॅरेजची प्रत्येक पावती जपा, क्विंटलमागे किती पडले ते काढा आणि बैठकीत मांडा. खर्च मांडल्याशिवाय भाव कोणत्या तोंडाने मागणार?