सात मजले गाड्यांना, बसथांबा कुठे?

गेल्या महिन्यात आमच्या चाळीत पुनर्विकासाची सभा झाली. बिल्डरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता. तळमजल्याच्या पॅसेजमध्ये पांढरी चादर टांगून त्यानं आम्हाला आमच्या जागी उभा राहणारा टॉवर दाखवला. खाली दुकानं, त्यावर पार्किंगचे सात मजले आणि त्यानंतर माणसं. चित्रातल्या अंगणात एक गोरी बाई कुत्र्याला फिरवत होती. मदनपुऱ्यात माझा जन्म गेला, अशी बाई मी इथं पाहिलेली नाही, पण ते असो.

प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा पुरुषांनी विचारायचं ते विचारलं. कार्पेट किती, कॉर्पस किती, तोपर्यंतचं भाडं किती, पागडीची पावती आजोबांच्या नावावर असेल तर काय. सगळे रास्त प्रश्न. शेवटी मी हात वर केला. म्हटलं, "यात बसस्टॉप कुठं आहे?"

हशा पिकला. कमिटीतले एक चाचा, चांगला माणूस आहे, माझ्या अब्बांचे मित्र, हसत म्हणाले, "टीचर, टॉवर में रहने के बाद भी बस से जाओगे क्या?"

हा लेख मी त्या वाक्यासाठी लिहिते आहे. चाचांवर राग नाही. त्यांच्या तोंडून जे निघालं ते या शहराच्या नियोजनाचं अधिकृत मत आहे, फक्त ते कोणी इतकं सरळ बोलत नाही. बस गरिबाची, माणूस वर सरकला की त्यानं बसमधून उतरायचं आणि सगळ्यांनीच वर सरकायचं असल्यामुळे बस लागणारच नाही. आमच्या चाळीत चाळीस बिऱ्हाडं. गाड्या चार, त्यातल्या दोन टॅक्सी. सात मजले नक्की कोणाच्या गाड्यांसाठी आहेत हे ओळखायला बी.एड. व्हावं लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर मला पुनर्विकासाची वैरी ठरवतील. जुन्या इमारतींचं रम्य वर्णन करणाऱ्यांशी माझं जमत नाही. 31 ऑगस्ट 2017 ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी बिल्डिंग कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली. 2019 च्या जुलैत डोंगरीत केसरबाई कोसळली. आमच्या जिन्यालाही लोखंडी टेकू आहेत आणि पावसाळ्यात रात्री काही कडकडलं की मी आधी मुलांना हात लावून बघते. घरात संडास हवा, पाणी हवं, छत डोक्यावर न पडणारं हवं. भेंडीबाजारात सैफी बुऱ्हाणी ट्रस्टनं साडेसोळा एकरांवर सुमारे 250 इमारती आणि तीन हजारांवर कुटुंबांचं काम हाती घेतलं, त्यातले पहिले टॉवर उभे राहिले, लोक आपल्याच मोहल्ल्यात मालकीच्या घरात परतले. ही साधी गोष्ट नाही. कामाठीपुऱ्याचा पुनर्विकास म्हाडाकडे आहे. उद्या मदनपुरा, परवा डोंगरी. व्हायलाच हवं.

माझा झगडा वेगळा आहे. इमारत नवी करताना शहर त्या माणसाचं पुढचं पाऊल मोजत नाही. दारातून बाहेर पडल्यावर तो कामावर, शाळेत, दवाखान्यात कसा जाणार? विकास नियमावलीत कुठल्या आकाराच्या घरामागे गाडीची किती जागा सोडायची याचा हिशोब असतो. घरामागे बसची किती आसनं, याचा हिशोब मला कुठल्याच नकाशावर दिसलेला नाही.

नववीतली माझी एक विद्यार्थिनी होती. नाव सांगत नाही. तिची इमारत रिकामी झाली आणि कुटुंब पूर्व उपनगरातल्या एका संक्रमण शिबिरात गेलं. दोन-तीन वर्षांची बात है, असं सांगितलं होतं. शाळा बदलायची नाही हे तिनं ठरवलं होतं, कारण तिकडे जवळ उर्दू माध्यमाची आठवीपुढची शाळा नव्हती. एक थेट बस मिळायची. सकाळी सव्वापाचला निघायची, पावणेसातला शाळेच्या फाटकावर. मराठीत पहिली. 'वाळवंट' आणि 'वाळवण' यांतला फरक वर्गाला तिनं समजावला होता. मग ती थेट बस बंद झाली. दोन बस बदलून यायला लागली, त्यातली दुसरी कधी यायची, कधी नाही. उशीर, मग गैरहजेरी, मग दिवाळीनंतर नाव पटावर आणि मुलगी घरी. मी वडिलांना फोन केला. म्हणाले, "टीचर, ट्रेन की भीड में अकेली नहीं भेज सकता, और टॅक्सी मेरे बस की नहीं."

इथं काही वाचक म्हणतील, बाप जुनाट आहे. आहेच. त्याच्याशी माझं भांडणही झालं. पण आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणावर भाषणं ठोकणाऱ्यांनी हे समजून घ्यावं की या बापानं मुलीला तीन वर्षं एकटीला बसनं पाठवलं. बसला पुढं ड्रायव्हर, मागं कंडक्टर, रोजची तीच माणसं, खिडकीतून दिसणारा रस्ता. तेवढ्या भरवशावर त्यानं दार उघडलं होतं. बस गेली आणि दार बंद झालं. मुलगी घरी बसण्याचं कारण मागासलेपण असं नोंदवलं जाईल, मार्ग बंद झाला असं कोणी नोंदवणार नाही.

माझंही दार बसनंच उघडलं. अब्बा बुकबाइंडिंग करायचे. बी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा घरात दोन दिवस खल झाला आणि निकाल लागला तो बसच्या पासावर. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या खिडकीशी बसून मी पाठ टाचणं लिहिलेली आहेत. आजही जुनी वही उघडली तर वळणावर अक्षर कुठं तिरकं झालं ते दिसतं. त्याच वर्षी, 2002 मध्ये, जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेनं जाणारा उड्डाणपूल सुरू झाला. अडीच किलोमीटरच्या आसपासचा. मोहम्मद अली रोडवरून आता चुटकीसरशी जाता येईल, असं जो तो म्हणत होता. कोणाला? पुलावर चढलेल्याला मधे कुठं उतरताच येत नाही. भेंडीबाजार, मिनारा मशीद, सगळं खाली. वरून जाणाऱ्याला फक्त तिसऱ्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे दिसतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला तो. 2010 पासून दुचाक्यांनाही वर मनाई आहे. म्हणजे ज्या वस्तीच्या छातीवर खांब रोवले, तिथल्या हातगाडीवाल्याला, स्कूटरवाल्याला, बसची वाट बघणाऱ्याला खांबांनी खाल्लेला अरुंद रस्ता आणि डोक्यावर छप्पर. मोटारवाल्याचे मिनिट वाचले. आमचे गेले ते कोणत्या खात्यात मांडले?

हे पहिल्यांदा घडत नाही. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये इंग्रजांनी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्यांची पहिली योजना होती आमच्याच नागपाड्याची. दाट वस्ती पाडायची, हवा खेळवायची, रुंद रस्ते काढायचे. सँडहर्स्ट रोड त्यातूनच निघाला. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टनं पाडलेली घरं जास्त आणि बांधलेली कमी, अशी टीका तेव्हाही झाली. उठवलेला माणूस दूर जात नव्हता, शेजारच्या गल्लीत आणखी दाटीनं राहत होता, कारण काम इथंच होतं. पण त्या काळात निदान शहरात ट्राम होती, 1907 पासून विजेवरची. भायखळा, पायधुणी करत जायची, स्वस्त होती. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम धावली. आणि मुंबईची पहिली मोटारबस? 15 जुलै 1926, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे या शहराची बस आमच्याच बाजाराच्या तोंडाशी येऊन थांबली होती. लवकरच तिला शंभर वर्षं होतील तेव्हा फुगे लागतील, जुन्या लाल डबलडेकरसोबत सेल्फी काढले जातील.

गाड्या मात्र कमी होत चालल्यात. एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांवर बस होत्या, आज त्या तीन हजारांच्या आत आहेत आणि त्यातल्याही बहुतेक भाड्याच्या, कंत्राटदारांच्या. जुनी डिझेलवरची डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये कायमची गेली. 2019 मध्ये कमीत कमी तिकीट 5 रुपये केलं तेव्हा प्रवासी परत आले होते, मी डोळ्यांनी पाहिलं, माझ्या वर्गातली हजेरी सुधारली होती. 2025 च्या मे महिन्यात तेच तिकीट 10 रुपये झालं. दुप्पट. दोन बस बदलणाऱ्या मुलीला दिवसाचे वीस रुपये जास्त. तोटा होतो म्हणतात. सागरी किनारा रस्त्याला तेरा हजार कोटींच्या वर खर्च झाले, त्यावर टोलही नाही, त्याचा तोटा कोणी मोजतं का? रस्ता ही सेवा आणि बस हा धंदा, ही वाटणी कोणी केली?

मेट्रो आली ना, असं लगेच ऐकवलं जातं. आली. साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते. मी बसले, थंडगार आहे, स्वच्छ आहे, अभिमान वाटला. पण काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल अशी ती आमच्या पश्चिमेकडून निघून जाते. मला मुंबई सेंट्रल चालत पंधरा मिनिटं, डोंगरीच्या माणसाला त्याहून कठीण. भायखळा, नागपाडा, भेंडीबाजार करत जाणारी मेट्रो 11 कागदावर आहे आणि ती येईपर्यंत माझ्या नववीच्या मुलींना मुलं झालेली असतील. शिवाय मेट्रो स्टेशनला पोहोचवायलाही बसच लागते. जमिनीखाली हजारो कोटी घालून जमिनीवरची बस सुकवायची, याला मी तरी वाहतूक धोरण म्हणणार नाही.

बाहेरून इमारती बदलल्या आणि येणं-जाणं तसंच ठेवलं तर काय होतं ते याच शहरानं एल्फिन्स्टन रोडला पाहिलंय. गिरण्या गेल्या, काचेची ऑफिसं आली, हजारो नवी माणसं रोज त्या स्टेशनवर उतरायला लागली, पूल तोच अरुंद. 29 सप्टेंबर 2017. पाऊस, चेंगराचेंगरी, 23 मृत्यू. त्या टॉवरांच्या पार्किंगमध्ये तेव्हाही जागा रिकामी असेल.

आता आपल्या घरचं. आपण काय करतो? फुटपाथ दुकानानं खाल्लेला, त्यापुढं टेम्पो, त्यापुढं दुसऱ्या रांगेत स्कूटर, आणि मग "इधर बस घुसती नहीं" म्हणून आपणच सांगतो. बसथांब्यावर गाडी लावणारा माणूस जुम्म्याला पहिल्या सफमध्ये उभा असतो. निवडणुकीला उमेदवार येतो, आपण त्याच्याकडे जिम मागतो, शादीखाना मागतो, कब्रस्तानची भिंत मागतो. बस मागितलेली मी एकदाही ऐकलेली नाही. रमझानमध्ये अख्खी मुंबई मोहम्मद अली रोडवर मालपुवा खायला येते, तेव्हा आपण खूश. त्यांना मोहल्ला महिनाभर हवा असतो, आपल्याला बारा महिने, हे त्यांना कोणी सांगायचं?

वर्गात 'कायापालट' हा शब्द वाक्यात वापरायला दिला होता. एकानं लिहिलं, "आमच्या गल्लीचा कायापालट झाला आणि आम्ही मुंब्र्याला गेलो." शुद्धलेखन बरोबर होतं. पूर्ण गुण दिले.

मागणं फार नाही. संक्रमण शिबिरात माणसं हलवायची तर त्या दिवसापासून तिथून जुन्या मोहल्ल्यापर्यंत थेट बस, आणि ती करारात लिहिलेली, भाड्याच्या चेकइतकीच पक्की. नव्या टॉवरच्या तळाशी आत घेतलेला बसथांबा, छपराचा आणि बसायला बाक असलेला, तो नसेल तर राहण्याचा दाखला नाही. मोहम्मद अली रोडवर पुलाखाली बससाठी राखलेली एक पट्टी. साठ माणसांची बस दोन-तीन मोटारींची जागा घेते, हे गणित पाचवीच्या मुलाला येतं. दुकानदार ओरडतील, त्यात माझे दोन मामू असतील, ओरडू देत. गिऱ्हाईक मोटारीतून उतरत नाही, चालत येतं, हे त्यांनाही माहीत आहे. आणि पार्किंगचे सात मजले कमी करून त्या पैशातून बस चालवायची की नाही, यावर निदान सभेत बोलू द्या.

चाचांना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, मोठ्या माणसाला चारचौघांत काय बोलायचं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा त्यांचा हात धरून विचारलं, "चाचीला डायलिसिसला कसं नेता?" थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "जाते वक्त टॅक्सी. आते वक्त बस, मिली तो."

पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे. उर्दूत आणि मराठीत अर्ज लिहून ठेवलाय. आतापर्यंत 19 सह्या झाल्या, त्यातल्या 15 बायकांच्या. विसावी चाचांची घ्यायची आहे.