वाचलेला पैसा माणसावर खर्च करा

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या संगणक कक्षात त्या दिवशी काहीही घडले नाही. संगणक सुरू झाले, मुलांनी पेंट उघडले, तास संपला. सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या येणे थांबले म्हणून कुणाचा पडदा काळा होत नाही. शिवाय कित्येक यंत्रांवरची प्रत मुळात विकत घेतलेलीच नव्हती. तिला कुणाच्या पाठिंब्याची सवय नव्हती.

देवगड तालुक्यातले मिठबाव घ्या, किंवा तिथून खाली आचऱ्यापर्यंतचे किनाऱ्यावरचे कुठलेही गाव. इकडच्या शाळांत संगणक येतात ते सरकारी योजनेतून, कधी लोकप्रतिनिधीच्या निधीतून, आणि बऱ्याचदा मुंबईतल्या ग्राममंडळाकडून. कार्यालयातून निघालेली चार-पाच यंत्रे चाकरमानी मंडळी गणपतीला येताना घेऊन येतात. यंत्र येते, परवाना येत नाही. मग तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला पेन ड्राइव्ह घेऊन येतो आणि ‘विंडोज मारून देतो’. या व्यवहाराला आपण सगळे इतके सरावलो आहोत की त्यात गैर काही आहे असे म्हणणाराच विचित्र ठरतो. सायबर कायद्याचा धडा शिकवून झाल्यावर आपण मुलांना त्याच प्रतीवर सरावाला बसवतो.

आता हाच व्यवहार पुढे रेटणे अवघड आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. दान म्हणून आलेली बरीच यंत्रे त्याआधीची. ती भंगारात काढायची, असुरक्षित अवस्थेत इंटरनेटला जोडून ठेवायची, की त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवायची? चार जीबी रॅम असलेले जुने आय-थ्री यंत्र घ्या, हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी घाला आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू बसवा. शाळेच्या कामाला ते पुरते. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच, फक्त तो निवडावा लागतो. लिब्रेऑफिस मराठीतही वापरता येते.

मुक्त सॉफ्टवेअर शाळेत नेण्याचे प्रयोग आपल्या आसपास जुने आहेत. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत गोव्यातल्या शाळांत परदेशस्थ गोवेकरांनी पाठवलेले जुने संगणक लिनक्सवर चालवले गेले. आपल्या ग्राममंडळांचीच ती मोठी आवृत्ती. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांवर लिनक्स होते आणि मुलांसाठी घडवलेली शुगर ही मुक्त प्रणाली होती. तिकडे केरळात २००१ च्या सुमारास ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ सुरू झाले आणि त्याच दशकात तिथल्या सरकारी शाळा लिनक्सकडे वळल्या. आज ते काम ‘काइट’ ही सरकारी कंपनी पाहते.

खैराटचा प्रयोग राज्यभर पसरला नाही, केरळचा पसरला. सॉफ्टवेअर दोन्हीकडे मुक्तच होते, तेव्हा फरक तिथे शोधण्यात अर्थ नाही. केरळने पाठ्यपुस्तक लिनक्सवर लिहिले, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा लिनक्सवर घेतली, आणि जिल्ह्याजिल्ह्यात अडलेल्या शिक्षकाला हात देणारे प्रशिक्षक नेमले. पुढे २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळे उभी केली, म्हणजे शाळेतला बिघाड पाहायला शाळेतलीच मुले तयार झाली. धनगरवाड्यावर एक शिक्षक होता आणि लॅपटॉप पाहायला येणारे पाहुणे होते.

यातले पुस्तक आपल्याकडेही आहे, हे मात्र आपण विसरतो. २०१९ मध्ये आलेले बालभारतीचे अकरावीचे माहिती तंत्रज्ञानाचे पुस्तक काढून पाहा. चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप, डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल, हिशेबासाठी जीएनयूखाता. यातले जीएनयूखाता तर मुंबईत, कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने घडले. माने स्वतः दृष्टिहीन आहेत. बाजारातली हिशेबाची सॉफ्टवेअर ज्याला वाचता येत नाहीत अशा माणसाने हिशेबाचे सॉफ्टवेअर उभे करावे, ही गोष्ट वाणिज्यच्या वर्गात सांगण्याजोगी आहे. शिकवण्याचे साहित्यही हाताशी आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी सुरू केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजातही मिळतात. एकदा उतरवून घेतले की ते इंटरनेटशिवाय चालतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्यावर दिवसेंदिवस वीज आणि नेटवर्क दोन्ही घालवले होते. तेव्हापासून ‘ऑनलाइन आहे ना’ या उत्तरावर इथल्या शिक्षकाचा विश्वास थोडा कमीच आहे. किविक्स वापरून अख्खा मराठी विकिपीडिया शाळेच्या एका यंत्रावर ठेवता येतो, तोही अशाच दिवसांसाठी.

मग अडते कुठे? ‘हे फुकट आहे’ असे सांगून आपण मुख्याध्यापकांना पटवतो, तिथेच अडते. संस्थेच्या बैठकीत फुकट म्हटले की त्या खात्यावरची तरतूदच शून्य होते. इकडचा खारा वारा आणि मिरगानंतरची ओल यंत्राला काय करते ते आपण जाणतो. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने पुसून किती वर्षे ढकलणार? एसएमपीएस बदलायला, एसएसडी घ्यायला पैसे लागतात, आणि त्याहून अधिक लागतात ते महिन्यातून एकदा येऊन दहा यंत्रे पाहणाऱ्या, लिनक्स जाणणाऱ्या माणसाला. तो नसला की पहिला प्रिंटर अडकतो, कार्यालयातून ‘तुमचे ते लिनक्स काढा’ असा निरोप येतो आणि पेन ड्राइव्हवाला परत बोलावला जातो. म्हणून मागणी अशी करावी: परवान्यांना जे पैसे लागले असते, त्यांतला निम्मा भाग तरी देखभालीच्या खात्यावर नावानिशी लिहा. तीन-चार गावच्या शाळांनी मिळून एक माणूस ठरवला तर त्याचेही पोट भरेल आणि शाळांनाही परवडेल.

पालक विचारतात, एमएस-सीआयटीचे काय? प्रश्न रास्त आहे. अनेक सरकारी पदांना ते प्रमाणपत्र लागते आणि तो अभ्यासक्रम वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटवर चालतो. ज्याला लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सूत्र लिहिता येते त्याला एक्सेल शिकायला फार दिवस लागत नाहीत, हे खरे असले तरी परीक्षेच्या तोंडावर असलेल्या मुलीला ते ऐकवून उपयोग नाही. तिच्यासाठी रीतसर परवान्याचे एखादे विंडोज यंत्र कक्षात असू द्या. इथे सोवळे पाळण्याचे कारण नाही.

कार्यालयाची यंत्रे मात्र घाईने बदलू नयेत असे आमचे मत आहे. शालार्थ, सरल, यूडायस ही कामे ब्राउझरमधून होतात, ती लिनक्सवर निघतील. पण डिजिटल सहीच्या डोंगलचे चालक सॉफ्टवेअर मिळेलच असे नाही. आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका, दाखले युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे हमखास फुटतात. रूपांतरक आहेत, पण प्रत्येक पान डोळ्याखालून घालावे लागते. हे काम लिनक्स आणा न आणा, करावेच लागणार आहे. ते शिपायावर किंवा सुट्टीवर ढकलू नका.

येत्या मे महिन्याच्या सुट्टीत सगळा कक्ष बदलण्याचा उत्साह आवरा. दोन यंत्रे निवडा, शक्यतो सर्वांत जुनी. त्यांच्यावर अकरावीच्या पुस्तकातले एक-एक प्रात्यक्षिक स्वतः शेवटपर्यंत करून पाहा, शाळेतला प्रिंटर आणि प्रोजेक्टर जोडून पाहा, आणि काय चालले, काय अडले ते मॉडेल क्रमांकासकट आम्हाला लिहून कळवा. जुलैच्या अंकापासून अशी यादी छापू. जे प्रिंटर लिनक्सवर चालले नाहीत त्यांची आधी.