खोक्यावर न छापलेले दोन आकडे

विंडोजचा छोटा टॅब घ्यावा का, असं मला अजूनही विचारलं जातं. इचलकरंजीत यंत्रमागवाले आणि सूतव्यापारी यांचे हिशोब लिहिण्याचं माझं काम. सकाळी या पेढीत, दुपारी त्या पेढीत. पिशवीत मावेल असा संगणक कोणाला हवा असेल, तर तो आमच्यासारख्यांनाच. आठ इंची जुने टॅब स्वस्तात मिळतात आणि नुकतं काम शिकलेली पोरं ‘ताई, घेऊ का?’ म्हणून फोटो पाठवतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : घेऊ नका. पण यंत्र दुबळं होतं म्हणून नव्हे.

उलट, कल्पना फर्मास होती. २०१३ मध्ये एसरने आठ इंची विंडोज टॅब आणला, पाठोपाठ डेल आणि लेनोव्होचे आले. २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने नऊ इंचांहून लहान यंत्रांसाठी विंडोज फुकट केलं. इंटेलही टॅबमध्ये आपली चिप बसावी म्हणून पदरमोड करत होती. भाव कोसळले. आपल्याकडे आयबॉलचा सात इंची टॅब पाच हजारांच्या आसपास आला. आणि हे खरंखुरं विंडोज होतं. टॅली चालायचं, श्रीलिपी चालायचं, मॅक्रोवाली एक्सेल उघडायची. पुढे जीएसटी आला, तेव्हा त्याचं ऑफलाइन टूलही विंडोज आणि एक्सेलच मागत होतं. अँड्रॉइडच्या टॅबवर यातलं काय होणार?

मी असा टॅब चांगला वापरला. गल्ल्याशी उभं राहून मालकाला ‘अमक्याकडून येणं इतकं’ म्हणून लेजर दाखवायला त्याच्यासारखी सोय नाही. अडचण एंट्री मारायला बसलं की सुरू व्हायची. टॅलीचा सगळा जीव एफच्या बटणांत. पेमेंटला एफ ५, विक्रीला एफ ८. पडद्यावरच्या कीबोर्डवर ही बटणं आधी दिसतच नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण कीबोर्ड चालू करायचा, मग एफएन दाबलं की आकड्यांच्या जागी एफ उगवतात. तोवर अर्धा पडदा कीबोर्डनेच व्यापलेला, व्हाउचरचं नॅरेशन त्याच्याखाली गडप. बोट एका लेजरवर ठेवावं तर भलतंच उघडायचं. डिजिटल सहीचा टोकन लावायचा तर भोक एकच, तेही चार्जिंगचं. बहुतेक टॅबवर टोकन लावला की चार्जिंग बंद. ब्लूटूथचा कीबोर्ड आणि माउस घेतला की काम व्हायचं. पण मग पिशवीत तीन वस्तू, आणि तिघींच्या चार्जिंगची काळजी. त्यापेक्षा लॅपटॉप काय वाईट?

विंडोजच्या फोनची तऱ्हा आणखी न्यारी. नोकियाचा लुमिया ५२० आपल्याकडे धो धो खपला. अवघ्या ५१२ एमबी रॅमवर तो त्या काळच्या स्वस्त अँड्रॉइडपेक्षा झरझर चालायचा. मोठ्या अक्षरांच्या त्या रंगीत चौकोनांमुळे वयस्कर मालकांनाही तो सोपा वाटायचा. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नाव विंडोज, आणि टॅली काही त्यावर चालत नव्हतं. टॅबमध्ये विंडोज होतं पण ते हाताला बसत नव्हतं. फोन हाताला बसत होता, पण त्यात आमचं विंडोज नव्हतं.

तरीही हे सगळं दुकानात हाताळून कळण्यासारखं होतं. एफचं बटण सापडत नाही, हे दहा मिनिटांत समजतं. जे दुकानात कळत नाही आणि खोक्यावर छापत नाहीत, त्याबद्दल माझं भांडण आहे.

पहिला आकडा मोकळ्या जागेचा. खोक्यावर ‘३२ जीबी’. त्यातली मोठी वाटणी विंडोज आणि रिकव्हरीची. २०१५ नंतर विंडोज १० ची मोठाली अपडेट्स येऊ लागली आणि ती उतरवून घ्यायलाच अशा टॅबवर जागा पुरेना. पेनड्राइव्ह लाव, फायली उडव, पुन्हा बसव.

दुसरा आकडा शेवटच्या तारखेचा. अमेरिकेत लुमिया ९०० एप्रिल २०१२ मध्ये विक्रीला आला आणि जूनमध्ये जाहीर झालं की विंडोज फोनची पुढची आवृत्ती त्यावर चालणार नाही. २०१९ संपताना विंडोज फोनवरचं व्हॉट्सॲपही थांबलं. टॅबचंही तेच. त्यातल्या बहुतेकांवर ३२ बिटचं विंडोज. २०२० मध्ये आलेल्या टॅलीप्राइमला ६४ बिटचंच लागतं. विंडोज ११ किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा मागतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काच शाबूत, बॅटरीत धुगधुगी आहे, पण असल्या यंत्रावर पक्षकाराचा पॅन आणि बँकेचा तपशील मी ठेवणार नाही.

आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरही वजन आणि किंमत छापावी लागते. मग हजारो रुपयांच्या यंत्रावर ‘वापरायला उरणारी जागा’ आणि ‘सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत’ या दोन ओळी का नसाव्यात? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणाऱ्या बहुतेक घरगुती उपकरणांसाठी अपडेटची मुदत जाहीर करावी लागते. युरोपीय संघात जून २०२५ पासून लागू झालेले नियम सांगतात की फोन आणि टॅबची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट्स हवीत. आपल्या ग्राहक खात्याने छापील मुदतीपुरती सक्ती केली तरी पुष्कळ होईल.

तोवर दुकानदाराला हे दोन आकडे विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा. आढेवेढे घेतले तर उठा. एंट्रीचंच काम असेल, तर ऑफिसातून निघालेला बारा इंची लॅपटॉप बघा. एफची बटणं असतात, टोकनला वेगळं भोक असतं. फक्त विंडोज ११ त्यावर चालतं का, तेवढं आधी तपासा.