कूलर, मफिन आणि सरकलेली सावली

सुट्टीला गावी निघताना माझी एक सॅक असते आणि मफिनच्या तीन! यंदा मे महिन्यात कशीबशी आठ दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही दोघं पुण्याहून गाडीनं मामाच्या गावी, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला पोहोचलो. मफिन म्हणजे माझा साडेतीन वर्षांचा लॅब्रेडॉर. त्याच्या सामानात चार बूट, कूलिंग जॅकेट, घडीची सिलिकॉनची वाटी, महागडी बिस्किटं आणि चक्क एक गॉगल. (हसू नका. तुमच्याही कपाटात असं काहीतरी निघेलच.)

मामीनं ती वरात बघितली आणि म्हणाली, "येवढं सामान त् नवरीसंगही येत नाही वं!" पाच मिनिटांत मफिनचा 'मफ्या' झाला आणि मामेबहिणीनं गॉगल ढापला. एकूण काय, ट्रिप झकास सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी चिंतामणीचं दर्शन. कळंबला गेलं की ते ठरलेलंच. इथला गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जायचं, समोर कुंड. मफिनला घेऊन उतरणं शक्य नव्हतं. सकाळचे दहा वाजले होते. बाहेरच्या एका दुकानाच्या सावलीत त्याला खांबाला बांधलं, वाटीत पाणी ओतलं आणि म्हटलं, "दहाच मिनिटं हं बाळा!"

गर्दी होती. दहाची चाळीस मिनिटं झाली. वर आले तेव्हा सावली दुकानाच्या पलीकडे सरकली होती, ती घडीची वाटी उलटी पडली होती आणि मफिन तापलेल्या सिमेंटवर आडवा झाला होता. भात्यासारखं पोट हलत होतं, हिरड्या लालभडक, तोंडातून चिकट लाळ. हाक मारली तर नुसते डोळे फिरवले, उठेना.

मला काही सुचेना. एका काकांनी प्रेमानं खिशातला कांदा काढून त्याच्या नाकाशी धरला. तेवढ्यात फुलंवाल्या मावशी पुढे आल्या, आपला माठ उचलला आणि अख्खा मफिनच्या पोटावर रिकामा केला. "आधी थंडा करा त्याले, मंग न्या दवाखान्यात!" कुणी बादली आणली, कुणी पुठ्ठ्यानं वारा घातला, मामानं गाडी आणली.

डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, पारा १०६ च्या घरात होता. सलाईन लागलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास मफिनची शेपटी एकदा हलली. एकदाच. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलीसारखी रडले.

रात्री मामा एवढंच म्हणाला, "कुत्रं त् बांधलं तुनं, पन सावली कोन बांधन?"

फ्रेंड्स, चूक शंभर टक्के माझी होती. म्हणून यावेळचा कॉलम नेहमीपेक्षा जरा वेगळा. आधी थोडं सायन्स, मग शॉपिंग!

कुत्रं म्हणजे वाळ्याचा कूलर

विदर्भात मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर घरघरत असतात. ताट्यांवरून पाणी झिरपतं, हवेनं ते उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कुत्र्याची लवलवणारी जीभ हेच काम करते. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, थोडासा येतो तो तळव्यांना. त्यामुळे त्याचा सगळा भार धापा टाकण्यावर. आता कूलरमधलं पाणी संपलं तर काय होतं? नुसता गरम हवेचा पंखा उरतो. पाण्याविना उन्हात बांधलेल्या कुत्र्याचं तेच होतं.

मुंबई-ठाणेकरांनो, तुम्हीही निवांत राहू नका. दमट हवेत कूलर चालत नाही ना? तसंच तिथे धापा टाकण्याचाही उपयोग कमी होतो. पारा ३४ ला असला तरी कुत्र्याला ऊन लागू शकतं. पग, शीत्झू अशा चपट्या नाकाच्या मंडळींना तर सगळ्यात आधी.

ऊन लागलंच तर

कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की धोका. अशा वेळी:

• पहिल्यांदा सावली, लगेच पाणी. पोट, जांघा, पंजे भिजवा आणि वारा घाला. पाणी साधं, गार चालेल. बर्फात मात्र बुडवू नका.

• ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. पाणी ओतत राहणं बेस्ट.

• शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी प्यायला द्या. घशात ओतायचं नाही.

• कांदा खिशात ठेवा, कोशिंबिरीत घाला, पण कुत्र्याला खाऊ घालू नका. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांद्यानं फुटतात.

• उठून बसला, शेपटी हलवली, तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. किडनी, लिव्हरचं नुकसान नंतर उघडं पडू शकतं. गावी निघण्याआधीच तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आणि वेळ विचारून ठेवा. मी बुटांची ऑर्डर ट्रॅक करत बसले होते, हे मात्र विचारलं नव्हतं.

आणि फिरायला निघण्याआधी हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर वॉक कॅन्सल. कळंबमध्ये आम्ही मग पहाटे पाचला निघायचो. त्या वेळी रस्ता आमच्या दोघांच्याच मालकीचा!

बाजारातले हटके फाइंड्स

मफिन सावरल्यावर मामासोबत आठवडी बाजारात गेले. बैलांच्या सामानाचं दुकान म्हणजे एक नंबर पेट शॉप असतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

मातीचं परळ: पसरट, जड, पंजा मारला तरी न उलटणारं. मातीतून पाणी पाझरतं, म्हणून आतलं गार राहतं. किंमत एका कॅपुचिनोपेक्षा कमी. सिलिकॉनची वाटी मी त्याच दिवशी रिटायर केली.

सुती दोर: बैलासाठी वळलेला, मऊ, हाताला न काचणारा. लीश म्हणून फर्स्ट क्लास. गळ्यात थेट गाठ नको, पट्ट्याच्या कडीला बांधा.

गोणपाट: भिजवून, पिळून पंख्याखाली अंथरायचं. मफिन कूलिंग मॅटवर कधी पाच मिनिटं टिकला नव्हता, इथे दुपारभर घोरत पडला. अंगाखाली घालायचं हं, अंगावर नाही.

घुंगरं आणि गोंडे: दिसतात एकदम क्यूट, पण फोटोपुरतेच. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा फार तिखट असतात, दिवसभर गळ्यात किणकिण म्हणजे शिक्षाच. शिवाय गोंड्याचे दोरे पोटात जातात.

टरबूज: म्हणजे आपलं कलिंगड. बिया आणि साल काढून, फोडी फ्रीझरमध्ये टाकून द्या. मात्र आंब्याची कोय तोंडाशी येऊ देऊ नका, आतड्यात अडकते. द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर अजिबात नाही.

दुकानातून निघताना मी मामाला विचारलं, बैलांना ऊन लागू नये म्हणून तुम्ही काय करता? तो म्हणाला, "काही नाही. दुपारी दोनदा उठून पाहा लागते. सावली सरकली का जनावर सरकवाचं."

तीन सॅक, चार बूट, एक गॉगल. दुपारी उठून बघायचं तेवढं राहिलं होतं.

गॉगल मामेबहिणीकडेच ठेवून आले. तान्ह्या पोळ्याला तिच्या लाकडी बैलाला घालणार आहे म्हणे. फुलंवाल्या मावशींना नवा माठ नेऊन दिला, तर त्यांनी मफ्यासाठी त्यातच आधी पाणी भरलं. परतीच्या प्रवासाला रात्री निघालो. मफिनची एकच सॅक होती आणि मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं परळ.

पुढच्या आठवड्यात पावसाळा आणि गोचिडांचा बंदोबस्त. तोवर एक काम करा, वाचता वाचता उठा आणि बघून या. वाटी भरलेली आहे ना? आणि सावली जागेवर आहे ना?